भाड्याचे मासे

पाच जूनला एका कारखान्यात पर्यावरण दिनाचं भाषण ठोकायला गेलो होतो. नाव सांगणार नाही. शाल, श्रीफळ आणि कुंडीतली तुळस एवढं घेतल्यावर माणसानं मिठाला जागावं. फाटकावर ‘एक थेंबही बाहेर नाही’ अशी हिरवी पाटी होती. पाटीचे खांब तेवढे नाल्यात रोवलेले होते.

भाषणानंतर मोठे साहेब इटीपी दाखवायला घेऊन गेले. इटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. शेवटच्या टाकीजवळ काचेची पेटी, आणि पेटीत सहा सोनेरी मासे. ‘आमचं प्रक्रिया केलेलं पाणी! बघा कसे खेळतायत!’

हसू नका. सरकारी मानकांतही मासे आहेत. सांडपाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी शंभरातले नव्वद तरी जिवंत सापडले पाहिजेत. उरलेल्या दहांच्या वारसांचं काय, ते नियमात नाही.

एरवी रंगकामात आपल्या एमआयडीसींचा हात कोण धरणार? डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला. तळोज्यात २०१७ मध्ये कुत्री निळी होऊन फिरली. बाकीच्या गावांना रंगपंचमीसाठी फाल्गुनाची वाट पाहावी लागते.

साहेबांना फोन आला, ते बाजूला गेले आणि मी ऑपरेटर पोराशेजारी उभा राहिलो. टाकीतलं पाणी डबक्यासारखं निपचित. हवा सोडणारा ब्लोअर बंद. पाणी खरं तर जिवाणू साफ करतात आणि त्यांना चोवीस तास हवा लागते. हवेला वीज लागते, विजेचं बिल येतं आणि बिल आलं की साहेबांनाच हवा कमी पडते. मग जिवाणू मरतात. मेले की शेण, गूळ आणि युरिया कालवून नवे वाढवायचे.

‘गूळ किती लागतो रे?’

‘प्रदूषण बोर्डाची माणसं येणार असली की ढेप लागते. नाहीतर कशाला?’

‘आणि मग पाणी?’

त्यानं आभाळाकडे पाहिलं. ‘पाऊस सुरू झाला की नाल्याला ओढ असते, साहेब. त्यात नाइट शिफ्टला अंधार.’

पूर्वी अशा अंधाराला तुरुंगाची भीती तरी होती. जलप्रदूषणाच्या कायद्यात २०२४ साली दुरुस्ती झाली आणि बऱ्याच गुन्ह्यांची कैद जाऊन दंड आला: दहा हजार ते पंधरा लाख. एका कागदावर ब्लोअरचं वर्षाचं बिल, दुसऱ्यावर हा दंड. वजाबाकीला सीए लागत नाही, आणि सापडलात तरच दुसरा कागद काढायचा.

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, ‘मासे मात्र छान सांभाळलेत.’

‘आपले नाहीत ते. स्टेशनजवळच्या दुकानातून भाड्यानं आणतो. संध्याकाळी परत.’

‘आणि पेटीतलं पाणी?’

‘कँटीनचा जार ओतला. मागच्या वर्षी नवीन होतो, साहेबांनी सांगितलं तसं खरंच टाकीतलं घातलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत सहाच्या सहा आडवे.’

‘मग?’

‘मग काय, सगळं डिपॉझिट कापलं. ऐकूनच घेत नाही तो दुकानदार. फार कडक माणूस.’