फुकटच्या कोथिंबिरीस अनावृत पत्र

प्रति,
सौ. फुकटची कोथिंबीर,
मु. पो. भाजीच्या पिशवीत सर्वांत वर.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा आपण आमच्या घरी आलात आणि आईने आपल्याला ओळखलंच नाही. प्लॅस्टिकचं पाकीट, मुळं छाटलेली, मोजून अकरा काड्या.

'ही कुठली?'

'ॲपवरून आली. फुकट.'

'तू मागितलीस?'

'नाही, आपोआपच आली.'

'मग कसली फुकट!' म्हणत तिने आपल्याला फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात टाकलं.

तिचा राग समजून घ्या. गेली चाळीस वर्षं ती पुण्याच्या मंडईत जाते आहे. ही मंडई १८८६ मध्ये उभी राहिली. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे तिला नाव त्यांचंच लागलं! काटकसरीची बाजू घेणाऱ्याचं पुण्यात असं होतं. असो.

आईची पद्धत ठरलेली. टोमॅटो हातात घ्यायचा, भाव ऐकायचा, दचकायचं. 'सोन्याचे आहेत का?' मग पिशवी सावरून तीन पावलं चालायचं. चौथं कधी टाकावं लागत नाही; मागून 'ओ आजी, या, घ्या!' येतंच. वजन झालं, पैसे दिले, की सगळ्यात शेवटी आपला नंबर: 'आणि कोथिंबीर टाका की थोडी.' पावसाळ्यात आपला भाव चढला की भाजीवाल्या मावशी जुडीवर हात ठेवून बसतात. तेव्हा कढीपत्त्यावर तह होतो. या सगळ्यात वीसेक रुपये वाचतात आणि येताना रिक्षाला साठ जातात. हा हिशेब मी घरात एकदाच मांडला.

२०२४ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका गृहस्थांनी आईला कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडले म्हणून समाजमाध्यमावर गाऱ्हाणं घातलं आणि ब्लिंकिट या ॲपने भाजीबरोबर आपल्याला मोफत देऊन टाकलं. छान झालं. पण माझ्या ॲपवरचं परवाचं बिल बघा. भाजी १६३ रुपयांची. १९९ च्या वर गेलो तर २५ रुपयांची डिलिव्हरी माफ, म्हणून ४० रुपयांचे वेफर्स घेतले. हाताळणीचे ९ रुपये लागलेच. आणि खाली हिरव्या अक्षरांत 'अभिनंदन! तुमची बचत ४० रुपये', त्यातले १५ आपले. ४० वाचवायला ४० घातले, वर ९. आई वेफर्स खात नाही.

रविवारी तिला मल्टिप्लेक्समध्ये नेलं. दारावर पर्समधला चिवड्याचा डबा काढून घेतला. कायद्याने त्यांचं बरोबर आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरवाल्यांना दिला. कोणी जिलेबी आणून चिकट बोटं खुर्चीला पुसली तर काय, असा प्रश्नही तेव्हा निघाला होता. चिवडा कशाला चिकटतो, हे विचारायला आई तिथे नव्हती. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायला सांगितलं आहे, ते तिने दोन वेळा प्यायलं.

मध्यंतरात ती पॉपकॉर्नच्या काउंटरवर गेली. किंमत ऐकली, दचकली. 'दोन घेतले तर कितीला?' पोरगा हसून म्हणाला, 'आजी, ऐंशी रुपये जास्त द्या, मोठा टब मिळेल.' आई भाव खाली ओढतेय आणि तो वर चढवतोय! ती तीन पावलं चालली, थांबली. मागून कोणी हाक मारली नाही. सिनेमाचं तिला आता काही आठवत नाही, ती तीन पावलं मात्र रोज आठवतात.

तेव्हा आपणांस विनंती, की आपण फुकट येणं थांबवावं. दहा रुपये लावा, वीस लावा. आणि ॲपवाल्यांकडे शब्द टाकून तिथे 'परवडत नाही, चालले मी' असं एक बटण बसवून घ्या. ते दाबलं की फोनने थोडं थांबावं आणि मग मोठ्याने 'ओ आजी, या, घ्या!' म्हणावं. आवाज मावशींचा असला तर उत्तम. मग आपण मुळांसकट, मातीसकट या.

कळावे,
आपला,
पिशवी धरणारा मुलगा

ता. क. अक्षर बारीक आहे, माफी असावी. आईच्या आग्रहामुळे पोस्टकार्डावर लिहितोय, पन्नास पैशांत काम होतं. कार्डं आणायला तीच गेली होती. चार घेतली तर कितीला, असं तिने खिडकीवर विचारलं म्हणे.