टायरचे दात

मी ढोरांचा डॉक्टर. सरकारी कागदावर 'पशुधन विकास अधिकारी' असं भारदस्त छापलेलं असतं, पण माणदेशात त्या नावानं कुणी हाक मारली तर मीच मागं वळून बघेन, साहेब कोण आलेत म्हणून. सांगोला आणि आटपाडीच्या मधल्या वाड्यावस्त्या माझ्याकडे आहेत. डांबर पाटीपर्यंत. पाटीपासून मुरुम. मुरुमानंतर ओढा, आणि ओढ्यापलीकडे डाळिंबाच्या बागांमधून बैलगाडीची चाकोरी. चाकोरी सोडून चाला असं शहरातले वक्ते सांगतात. आमच्याकडे चाकोरी सोडली की थेट वेड्या बाभळीत. तिच्या काट्याला टायर, चप्पल आणि टाच यांतला फरक कळत नाही. त्यात डाळिंबाची छाटणी झाली की काटेरी फांद्या बांधावर रचतात आणि वारा त्या रस्त्यावर आणून टाकतो.

या रस्त्यांसाठी मी गाडी घेतली ती मेहुण्याकडून. मेहुणा कोथरूडचा. मूळची पत्र्याची चाकं काढून त्यानं 16 इंची चकचकीत अलॉय बसवले होते, त्यांवर 195/55 मापाचे टायर. गाडी नवरदेवासारखी दिसायची. पहिल्यांदा वस्तीवर नेली तेव्हा म्हादूअण्णा चाकाशी उकिडवे बसले, बोटांनी रबराची उंची मोजली आणि म्हणाले, "डाक्टर, ह्यो टायर न्हवं, भाकरी हाय."

मी हसलो. मला वाटलं, अण्णांना फॅशन कळत नाही.

महिन्याभरात एका टायरच्या बाजूला टेंगूळ आलं. लिंबाएवढं होतं, बघता बघता मोसंबीएवढं झालं. टेंगूळ बघितल्यावर मात्र मी घरच्या मैदानात होतो, कारण असा गोळा मी शेकडो वासरांच्या बेंबीशी पाहिलाय. पोटाच्या भिंतीला भोक राहिलं की आतडं कातडीखाली येतं, त्याला आम्ही हर्निया म्हणतो. टायरचंही तेच. चाक धोंड्यावर आदळलं की टायरची बाजू धोंडा आणि रिम यांच्यात चिमटते, आतले दोरे तुटतात आणि उरलेल्या नुसत्या रबराला हवा बाहेर ढकलते. फरक इतकाच, की वासराला मी टाके घालतो आणि ते आठवड्यात उड्या मारतं. टायरच्या बाजूला टाके पडत नाहीत. पंक्चरवाल्या बाबूनं तर हातही लावला नाही. "तळव्याला काटा असला तर काढतो साहेब. कुशीत लागलं असलं तर देवाचं नाव घ्या."

दुसऱ्या टायरची कूस ओढ्यातल्या फाडीनं कापली. तिसऱ्या चाकाचा टायर वाचला, पण अलॉयलाच चीर गेली. पत्र्याची रिम असती तर बाबूनं घणाचे चार टोले घालून गोल केली असती. अलॉय वाकत नाही, तडकतो.

अशी नड आली की डिकीतली स्टेपनी निघायची. ती मेहुण्यानं बदललीच नव्हती, कारण ती दिसत नाही. कंपनीनं खालच्या मॉडेलला दिलेलं काळं, पत्र्याचं, 14 इंची चाक आणि अंगावर बारीक टायर, 165/80. तीन अलॉयच्या मध्ये ती चौथी उभी राहिली म्हणजे लग्नाच्या फोटोत गवंडीकामावरून थेट आलेला चुलता. बायको म्हणाली, "हिच्यासकट माहेरी यायचं नाही." पण दोन महिने ती स्टेपनी ओढ्यातून गेली, फाडीवर चढली, काटे खाल्ले, आणि तिला काही झालं नाही. टेंगूळ नाही, चीर नाही, तक्रार नाही.

एका दुपारी गाय गाभण आहे का ते तपासून हात धुताना डोक्यात उजेड पडला. वाळत घातलेला टॉवेल खांद्यावर टाकून मी मातीत गणित मांडलं. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. तिरप्या रेघेपुढचा आकडा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची बाजूला आहे ते. 195चे 55 टक्के म्हणजे 107. 165चे 80 टक्के म्हणजे 132. बाहेरून दोन्ही चाकं साधारण 62 सेंटिमीटरचीच, त्यामुळे किलोमीटरचा काटाही खोटं बोलत नाही. पण धोंडा आणि रिम यांच्यात स्टेपनीकडे पूर्ण एक इंच जास्त रबर आणि हवा. अण्णांनी तेच बोटांनी मोजलं होतं, कितीतरी महिने आधी, फुकट.

तरी आपल्याकडे निर्णय एकट्यानं घ्यायची पद्धत नाही. बाबूच्या दुकानापुढं लिंबाखाली सभा भरली. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरतात्या म्हणाले, "नवा टायर कशाला? आमच्या एसटीत गुळगुळीत झाला की वरनं रबर चढवून परत पळवायचे." दुधाच्या पिकअपवाल्याचं म्हणणं, ओझ्याच्या गाडीचे जाड टायर टाका, काटा आत जाणारच नाही. जाणार नाही हे खरं, पण माझ्या हलक्या गाडीला तसले टायर म्हणजे लेकराच्या पायात गमबूट. दणका टायरनं नाही घेतला तर तो सस्पेन्शन घेतं, आणि त्यानंतर माझी कंबर. कॉलेजातल्या एका पोरानं मोबाईलवर डोंगरात गाड्या घालणाऱ्यांचे मोठ्या खाचांचे टायर दाखवले. बघून छाती फुगली. मग कळलं की ते जड असतात, डांबरावर घूं घूं करतात आणि पेट्रोल जास्त पितात. माझा निम्मा दिवस डांबरावरच जातो. चिखल म्हणाल तर आमच्याकडे तो येतो पाहुण्यासारखा, चार दिवस. आम्हाला त्याचं कौतुकच असतं.

कंपनी कुठली यावर मात्र सभेत एकमत होतं. सचिनच्या बॅटवर जिचं नाव होतं ती. मी म्हणालो, सचिनला ओढा ओलांडायचा नव्हता. सभा थोडा वेळ नाराज होती.

शेवटी तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानात गेलो. काचेचं दार, गार हवा, टाय लावलेला पोरगा.

"सर, हायवे किती, सिटी किती?"

"ओढा किती ते विचारा."

त्यानं नम्रपणे पुढचं पान उघडलं. मापापुढं 85T लिहिलेलं असतं, त्यातला T म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंत टायर सुरक्षित. माझ्या वाटेवर 19 गाठले तरी मागं बसलेला माणूस मारुतीरायाचं नाव घेतो. 85 हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरवर 515 किलो. ते ऐकून मला बरं वाटलं. 515 किलो म्हणजे एक दांडगा खिलार बैल. चार चाकांवर चार बैल ही भाषा मला समजते.

आणि बैल म्हटल्यावर हात आपोआप पुढं गेला. खरसुंडीच्या जत्रेत व्यापारी बैलाची कितीही तारीफ करो, जाणता माणूस आधी त्याचा जबडा उघडतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. वय लपत नाही. टायरलाही दात असतात. बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पोरगा 'खास सवलतीतला माल' म्हणून जो टायर थोपटत होता, त्याच्यावर मी गुडघे टेकून वाचलं : 3819. 2019 सालचा अडतिसावा आठवडा. टायर नुसता उभा राहिला तरी रबर म्हातारं होतं, कडक होतं, बारीक चिरा पडतात.

"हा जुळलेला आहे," मी म्हणालो.

"सर?"

"दोन दाती दाखव."

आतून ताजे आले. भाव करताना माझा हात सारखा रुमालाकडे जात होता. बाजारात दोघांचे हात एका कापडाखाली जातात, बोटं दाबून किंमत ठरते, चार लोकांत कुणाची अब्रू जात नाही. इथं पोरानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला आणि माझी अब्रू सगळ्या दुकानासमोर वीस हजारांच्या आसपास गेली. पत्र्याच्या चार जुन्या रिमा मी आधीच भंगार बाजारातून आणल्या होत्या. त्या पाहून पोराचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या गार हवेत शेण घेऊन आलोय. धंद्यामुळे ते तर खरोखरच बुटांना होतं.

वाट बघत बसलो असताना मला आमच्या जातभाईची आठवण झाली. जातभाई म्हणजे जॉन बॉइड डनलॉप. 1888 साली बेलफास्टमध्ये पोराची तीनचाकी सायकल खडखडते म्हणून त्यानं चाकांना हवेची रबरी नळी गुंडाळली, आणि तिथून हवेचा टायर जगभर गेला. हा डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्या आधी चाळीसेक वर्षं थॉमसन नावाच्या माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण जग विसरलं. त्याला बहुधा कुणी रात्री दोनला अडलेल्या गाईकडे बोलावत नसेल. खडखडाट म्हणजे काय ते आम्हालाच कळतं. ही गोष्ट मी टायवाल्याला उत्साहानं सांगितली. तो म्हणाला, "सर, नायट्रोजन भरू का? स्पेशल असतो. वेगळे पैसे."

मी त्याला बाहेर नेलं, डिकी उघडली आणि रेतनाच्या कांड्यांचा कंटेनर दाखवला. झाकण जरा उचललं. पांढरी वाफ त्याच्या टायवरून खाली उतरली. "उणे 196 अंश," मी म्हणालो. "दर फेरीला भरतो. आणि साध्या हवेतसुद्धा 78 टक्के तोच असतो." त्यानं मुकाट्यानं साधी हवा भरली, दाराच्या चौकटीवर लिहिलीय तेवढीच.

पाच काळी चाकं घेऊन गाडी वस्तीवर आली. नवरदेवाचा पार शेतकरी झाला होता. बायको दोन दिवस भावाशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. अण्णा उकिडवे बसले, बोटं लावली, काहीच बोलले नाहीत. हे त्यांचं प्रमाणपत्र. त्यांचा बैल लंगडत होता. मी खूर बघितला, पत्री झिजून सैल झाली होती. म्हणालो, अण्णा, आजच नालबंदाकडून पत्र्या बदलून घ्या, जुन्या फेकून द्या.

तेराव्या दिवशी मागचं डावं चाक बसलं. बाबूनं साबणाचं पाणी फिरवलं, बुडबुडा शोधला, चिमट्यानं ओढून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. काटा नव्हता. बोटाच्या पेराएवढा, चपट्या डोक्याचा, एका बाजूनं झिजलेला खिळा.

"पत्रीचा हाय," बाबू म्हणाला. "कुणीतरी रस्त्यातच फेकून दिलीया बघा."