पोटात काहीच नाही

जामनेरात पोट बिघडलं की त्रास आपल्याला होतो, निदान गाव करतं. चार घासांत माझं पोट गच्च व्हायचं, वर जळजळ, मग ढेकरा. चहाच्या टपरीवर ठरलं ‘गॅस’, किराणा दुकानात ‘पित्त’, बँकेच्या रांगेत थेट ‘लिव्हर’. मी कुणालाच नाराज केलं नाही. पहिल्या घासाला तुपातून हिंग्वाष्टक, जळजळलं की ॲसिडिटीची गोळी, वर फसफसता सोडा. सोडा पोटातल्या आम्लाला भेटला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याची ढेकर अशी दणदणीत येई की औषध लागू पडलं असं वाटे. गॅसवर उपाय म्हणून मी गॅसच विकत घेत होतो.

शेवटी जळगावला पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. घास अडकतो? रक्ताची उलटी? काळी शी? प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणताना मी खजील होत गेलो. वजन घटलं का, हे मात्र त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलंच नाही. वय पन्नाशीपुढचं, म्हणून एन्डोस्कोपी ठरली. त्याआधी दोन आठवडे गोळी बंद. तिच्यामुळे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दडून बसतो. अल्सरमागे हा जंतू असतो हे पटवायला ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. पोट मीही स्वखर्चानं बिघडवलं होतं, शोधनिबंध तेवढा राहिला.

गोळी बंद झाली ती नेमकी भरीत पार्ट्यांच्या दिवसांत. तपासणीच्या आदल्या रात्री कांग नदीकाठच्या मळ्यात बोलावणं आलं. ‘नुसता बसायला येतो,’ असं सांगून गेलो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, आपली हिरवी-पांढरी, जीआय मानांकनवाली. ठेचलेली मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेल, सोबत कळण्याची भाकरी. भरताला उशीर झाला, आणि मला नाही म्हणायला त्याहून उशीर झाला. डॉक्टरांनी रात्री दहानंतर जेवू नका म्हटलं होतं. भरीत चाखणं जेवणात मोडत नाही, असा मी मध्यरात्रीनंतर निकाल दिला.

सकाळी घशात बधिर करणारा फवारा, तोंडात प्लास्टिकचं कडं, नळी आत. डॉक्टर पडद्याकडे पाहत थबकले. ‘हे काय आहे?’ मला बोलता येईना. भुसावळकडच्या सिस्टर वाकून म्हणाल्या, ‘सर, वांग्याच्या बिया. भरीत आहे.’ मग जरा निरखून, ‘शेंगदाणे चावले नाहीत भाऊंनी.’

पुढच्या खेपेला खरोखर उपाशी गेलो. अन्ननलिका, जठर, सगळं साफ. जंतूही नाही. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात, डॉक्टर म्हणाले. अन्न आलं की जठर नीट सैल होत नाही, नसाही जरा हळव्या. थोडं थोडं खा, तेल-मिरची कमी, रात्री लवकर जेवा, गोळी जळजळल्यावर नाही तर न्याहारीआधी अर्धा तास. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढ्या खर्चात साधा अल्सरही निघू नये? टपरीवर कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी पहूरहून आत्या आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘दुर्बीण आतून घातली ना त्यांनी? मग बेंबी सरकलेली कशी दिसंल?’ म्हणाली, आणि आमच्या हिला पणती-तांब्या आणायला सांगून मला सतरंजीवर उताणं झोपवलं.