पौर्णिमेच्या चार-चाक वीरांस अनावृत पत्र

मुंबईतल्या मनोरीच्या वाळूवर रात्री गाडी घालणारे परमप्रतापी फोर-बाय-फोर वीर यांस,

सह्याद्रीतले घाट, पठारं आणि कच्च्या वाटा आपण रात्रीच्या काळोखात पालथ्या घातल्यात. आता आपली नजर किनाऱ्यावर वळली आहे. स्वागतच आहे. मार्व्याच्या तरीवर आपली गाडी चढत नाही, म्हणून बोरिवली, भाईंदर, उत्तन, गोराई असा भला मोठा वळसा घालून आपण येता. एवढ्या कष्टानंतर डांबर संपतं तिथे थांबा असं सांगणं म्हणजे अरसिकपणाच. तरीही एक खुलासा करणं भाग आहे. डोंगरातला कडा निदान जागेवर तरी उभा असतो. रात्री तो दिसत नाही, चढाच्या माथ्यावर हेडलाइट आभाळात जातो आणि पुढची वाट आहे की दरी हे चाक खाली गेल्यावर कळतं, हे सगळं खरं. पण तो कडा उठून आपल्याकडे चालत येत नाही. मनोरीचा पाण्याचा कडा येतो, आणि येण्याची वेळही त्याने पंचांगात छापून ठेवली आहे.

आपण निवडता ती रात्र बहुधा पौर्णिमेची, शनिवार-रविवारला जवळची. चांदण्यात व्हिडिओ झकास येतो, वेगळे दिवे लागत नाहीत, सगळं लख्ख दिसतं. मात्र पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती सगळ्यात उंच आणि सुकती सगळ्यात खोल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरते, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला समुद्र सगळ्यात लांब गेलेला असतो. आपण दिवेलागणीला पोचता तेव्हा समोर मैदानासारखी रुंद, ओलसर, घट्ट वाळू पसरलेली असते. गाडी तिच्यावर डांबरासारखी पळते. म्हणजे महिन्यातल्या ज्या संध्याकाळी किनारा सर्वांत सुरक्षित दिसतो, नेमकी त्याच रात्री पाणी सर्वांत वर चढतं. चांदणं आणि उधाण एकाच चंद्राचं देणं आहे. एक घेऊन दुसरं नाकारायची सोय नाही.

थोडं गणित. उधाणाला सुकती आणि भरती यांतला फरक चार मीटरच्या घरात जातो. हे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, आणि मधल्या दोन तासांत निम्मं. म्हणजे आठ ते दहाच्या दरम्यान, गाण्यांचा आवाज वाढलेला असताना, तासाला सुमारे एक मीटर. आपल्याकडच्या लोकप्रिय थारची पाण्यातून जाण्याची क्षमता 650 मिलिमीटर सांगितली जाते. रुतलेल्या गाडीभोवती तेवढं पाणी व्हायला चाळीस मिनिटं पुरतात. शिवाय तो आकडा सावकाश पार करायच्या शांत पाण्याचा आहे, दाराला थडकणाऱ्या लाटांचा नव्हे. वाळूचा उतार पन्नास मीटरला एक मीटर धरला, तर पाण्याची रेषा तासाला पन्नास मीटर पुढे सरकते. चालत्या माणसाला हा वेग काहीच नाही. रुतलेल्या गाडीला पुष्कळ आहे.

आपण म्हणाल, आमची गाडी चारही चाकांनी ओढते. ओढते, पण जमिनीला धरून. वाळूत पाणी भरलं की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि वजनाखाली ती पातळ होते. मग चाकाला धरायला काही उरत नाही, आणि ॲक्सिलरेटर दाबाल तितकं ते स्वतःसाठी खड्डा खणतं. चार चाकं म्हणजे चार खड्डे. दोनच चाकांनी ओढणारी गाडी किनाऱ्याच्या तोंडाशी, सुक्या वाळूतच बसते, म्हणून ढकलून काढता येते. फोर-बाय-फोर तिच्यापेक्षा बरीच आत जाऊन, पाण्याच्या काठाशी रुतते. तिच्या ताकदीचा उपयोग अडचण लांब नेण्यापुरता. सोबत दुसरी गाडी आहे म्हणाल, तर जून 2024 मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याच्या किनाऱ्यावर रीलसाठी उतरलेल्या दोन्ही थार समुद्रात अडकल्या आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. विंचचा दोर बांधायला सुरूचं झाड लागतं, आणि ओहोटीच्या वाळूत सुरू उगवत नाही.

भरतीचं ॲप आहे, हाही आक्षेप ऐकू येतो, आणि तो त्यातल्या त्यात विचारी. ॲप वेळ सांगतं, उंची सांगतं. वाळूतले चर सांगत नाही. किनारा सपाट दिसतो, पण पाण्याला समांतर उंचवटे आणि त्यांच्यामागे उथळ चर असतात. पाणी समोरून येण्याआधी त्या चरांतून बाजूने शिरतं आणि गाडीच्या मागे भरतं. चालक समोरच्या लाटांकडे बघत असतो आणि परतीची वाट पाठीमागून बुडत असते. दिवसा तो चर रंगावरून ओळखता येतो. रात्री हेडलाइटच्या उजेडात ओली वाळू आणि बोटभर पाणी सारखंच चमकतं.

गावकऱ्यांच्या बैलगाड्या वाळूवर चालतात, मग आमचीच गाडी डोळ्यांत का खुपते, असंही विचारता येईल. चालतात, कारण त्या वेळ बघून निघतात आणि बैलाला जमीन कळते. डिसेंबर 2024 च्या अखेरीस रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारी शेवटी बैलगाडीनेच ओढून काढली. त्या बैलांना कुणी ऑफ-रोडिंगचं प्रमाणपत्र दिल्याचं ऐकिवात नाही.

राहता राहिला तो आवडता युक्तिवाद: धोका आमचा, जीव आमचा. तो आपल्याला सोडवायला दोर धरून कंबरभर पाण्यात उतरणाऱ्या कोळ्याला ऐकवून बघावा. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांचे दोर, वाळत घातलेली जाळी, बोंबील वाळवायच्या वलांडी यांना परावर्तक पट्ट्या लावलेल्या नसतात. आणखी एक रात्रपाळीवाला आहे. मार्च 2018 मध्ये इथून दक्षिणेला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडली कासवाची ऐंशीच्या आसपास पिल्लं बाहेर पडली. मादी बहुधा रात्री येते, वाळूत हातभर खोल अंडी घालते आणि निघून जाते. वरून काही कळत नाही. पिल्लं उजेडाच्या रोखाने समुद्र शोधतात, आणि हेडलाइट समुद्रापेक्षा फार उजळ असतो. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना आपल्याला तोंडपाठ असतीलच, त्यामुळे तो विषय वाढवत नाही.

यायचंच असेल तर एक तोडगा सुचवतो. शुद्ध अष्टमीला या. त्या दिवशी भांगाची भरती, पाणी फार चढत नाही; संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरून पुढे मध्यरात्रीपर्यंत ओसरत जातं. गाडी बुडायची शक्यता कमी, फक्त रुतेल. अडचण एवढीच, की चंद्र त्या दिवशी अर्धा असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, तेव्हा व्हिडिओ अंधारा येईल. त्यावर आपल्या मंडळींचं काय ठरतं, ते पुढची पौर्णिमा उजाडण्याआधी कळवावं. रुतलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला त्या रात्री झोपायचं की नाही हे ठरवायचं आहे.

कळावे, लोभ आहेच तो वाढू नये,

आपला,
सुक्या वाळूवरचा एक हितचिंतक