घसारा आणि रावसाहेब

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत असो वा पुण्याच्या भोसरीत, प्रत्येक औद्योगिक वसाहतीत खाजगी कंपनीचे एक तरी रावसाहेब हटकून भेटतात, आणि त्यांच्या ठायी वसणाऱ्या अनेक सद्गुणांत अग्रमान द्यावा लागतो तो त्यांच्या घसाराविषयक तत्त्वज्ञानाला. आयकराच्या दप्तरी सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर, घटत्या किमतीच्या हिशेबाने, दरसाल 15 टक्के घसारा मिळतो. तो मांडताना रावसाहेबांचा कंठ इतका दाटून येतो की, लेथ झिजला की स्वतः रावसाहेब, याचा ऐकणाऱ्यास उलगडा होऊ नये. नवी बसविलेली मोटारही त्या दिवसांत ‘किरकोळ दुरुस्ती’ ठरून महसुली खर्चात निमूटपणे जाऊन बसते.

परंतु मुंबईचे कोणी गिऱ्हाईक कंपनी विकत घ्यावयास आले, की तोच लेथ, खंडेनवमीच्या वाळलेल्या झेंडूसकट, चिरंजीव होतो. "घसारा म्हणजे निव्वळ कागदी खर्च! पैसा कुठं गेला?" असे विचारून ते 40 लाखांच्या नफ्यात 20 लाखांचा घसारा परत मिळवितात, बेरजेस पाचाने गुणतात आणि 2 कोटींची कंपनी 3 कोटींची करून चहा मागवितात. पैसा यंत्र घेतले तेव्हाच गेला आणि यंत्र बदलताना आजच्या भावाने पुन्हा जाईल, सबब आहे ते उत्पादन टिकविण्यापुरता भांडवली खर्च तरी वजा करावा, असे मूल्यांकक अदबीने निवेदन करतो. तेव्हा गतसालची ती किरकोळ दुरुस्ती वस्तुतः कारखान्याच्या विस्ताराची गुंतवणूक होती, सबब तीही नफ्यात मिळवावी, असा फेरफार रावसाहेब तत्काळ सुचवितात.

सौदा अर्थातच फिसकटला. पुढे धाकट्या बंधूंनी आपले समभाग देऊन वेगळे व्हावयाचे ठरविले, आणि घेणारे होते खुद्द रावसाहेब. त्यांनी बंधूंस लेथपाशी नेले, बेडवरील झिजेवरून त्यांचे बोट फिरविले आणि सुस्कारा टाकला, "जॉबला टेपर येतोय, बाळ. सगळंच बदलायला झालंय."

"दादा, मग घसारा कोणता धरायचा? आयकरातला, की मुंबईकरांपुढचा?"

"सख्ख्या भावानं हिशेब मागायचा?" असे म्हणून रावसाहेबांनी खतावणी मिटली आणि त्याच सायंकाळी वकिलास बोलावणे धाडले. वकिलाची फी महसुली खर्चात टाकावी की भांडवली, याविषयी त्यांचे मत अद्याप बनावयाचे आहे. ते कोण विचारतो, यावर अवलंबून राहील.