गुरुजी व्हा, अवघ्या बारा वर्षांत

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होणं अगदी सोपं आहे. खालच्या पायऱ्या क्रमानं चढा. मी चढलोय. घाई केली नाही, कारण कुणी करू दिली नाही.

साहित्य : बारावीचं गुणपत्रक, पासपोर्ट फोटो चार डझन, सगळ्या दाखल्यांच्या झेरॉक्स, आणि जेवताना काही न विचारणारं घरातलं एक तरी माणूस.

पायरी १ : डी.एड. करा.
अभ्यासक्रम दोन वर्षांचा. कागदावर त्याला आता डी.एल.एड. म्हणतात, गावात अजून डीएडच. इथे पाठाचं टाचण काढायला शिकाल : प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, मूल्यमापन. प्रस्तावनेचे प्रश्न असे हवेत की मुलं आपल्या पायांनी पाठाच्या दारात आली पाहिजेत. माझा पहिला सराव पाठ पावसाळ्यावर होता. विचारलं, "पावसात जाताना आपण डोक्यावर काय घेतो?" पिशवीत छत्री तयार. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "खताच्या पोत्याची खोळ." अख्खा वर्ग त्याच्या बाजूनं. मागे बसलेले निरीक्षक वहीत काहीतरी खरडू लागले. मी तरीही छत्री उघडलीच.
*टीप : टाचणात नसलेलं उत्तर आलं, तर खोकावं.*

पायरी २ : टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हा.
१५० प्रश्न, १५० मिनिटं, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के. राज्यात ही परीक्षा २०१३ साली पहिल्यांदा झाली, मी तेव्हाच सुटलो. प्रमाणपत्राला सात वर्षांची मुदत होती. "सात वर्षं काय करायचीत?" असं मी हसत म्हणालो होतो. २०२१ मध्ये ते प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य झालं. वर कुणाला तरी खरा अंदाज आला असावा.

पायरी ३ : वाट पाहा.
या पायरीचा अभ्यासक्रम नाही, म्हणून ती सगळ्यात लांब आहे. मी तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात बसलो. दुसऱ्यांचे भरतीचे अर्ज छापताना यंत्राचा उजेड तोंडावर पडायचा, तेवढंच तेज. लग्नकार्यात मामा भेटले की विचारायचे, "लागला का कुठं?" त्यावर "जाहिरात यायचीय मामा" म्हणून पंगतीत वाढायला सुटावं.

पायरी ४ : अभियोग्यता चाचणी द्या.
२०० प्रश्न, १२० मिनिटं. एका प्रश्नाला ३६ सेकंद. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये. दोन्ही दिल्या. ३६ सेकंदांत उत्तर आलं नाही तर प्रश्न सोडून पुढे जायचं, हे अंगात भिनवा.

पायरी ५ : शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल.
नाव पवित्र आहे, तेव्हा आंघोळ करून लॉगिन करावं. पसंतीक्रम भरावेत. रात्री दोनला साइट चालते, हे घुबडाला आणि डीएडवाल्याला ठाऊक असतं.

पायरी ६ : रुजू व्हा.
मी २०२४ साली झालो. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन पूर्वी सहा हजार होतं, २०२३ पासून सोळा हजार. शाळा दोन शिक्षकी, वर्ग चार. पहिल्या दिवशी हातात किल्ल्या येतील आणि तांदळाचा हिशोब : पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम. शिक्षण हक्क कायद्यानं जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून अशैक्षणिक काम गुरुजींना देता येत नाही. मात्र 'आजच दुपारी दोनपर्यंत माहिती पाठवा' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप आपत्तीतच धरावा.

पायरी ७ : शिकवा.
सगळी माहिती पाठवून झाली की हेही करता येतं. जूनअखेरची गोष्ट. पहिलीतली एक मुलगी पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवून बसली होती. "प," म्हणाली. मग "पा." मग गप्प. सवयीनं मी मनात आकडे मोजू लागलो. छत्तीस झाले. पुढच्या प्रश्नाकडे जावं, तर पुढचा प्रश्नच नव्हता, ही एवढीच समोर होती. मोजणं सोडलं. वाट पाहायचा बारा वर्षांचा अनुभव गाठीशी होता, तो पहिल्यांदा कामी आला.

"पाऊस!" ती ओरडली, आणि कुणी निरोप आणल्यासारखी उठून दाराबाहेर पळाली. बाहेर खरंच भुरभुर सुरू झाली होती. भिंतीवर वाळत घातलेली तिची खोळ भिजत होती.

अशा वेळी टाचण मिटा आणि मागोमाग जा. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ कशी करायची, ते तिच्याकडून शिकून घ्या. डी.एड.ला हे शिकवत नाहीत.