गिझरवैद्य

घरातला गिझर बिघडला की बायकामाणसं म्हणतात, "वायरमनला फोन करा," आणि गिझरवैद्य म्हणतो, "आधी बघू तरी काय झालंय." या 'बघू तरी'मध्ये पुढचे दोन दिवस, न्हाणीघरात कायमचं ठाण मांडलेलं स्टूल, शेजाऱ्यांकडून आणलेला पान्हा आणि अख्ख्या घराची गार पाण्याची अंघोळ एवढं सगळं मावतं.

हा गृहस्थ साठी ओलांडलेला, पेन्शनर. पाटबंधारे खातं, एसटी, साखर कारखाना, झेडपी, कुठूनही निवृत्त झालेला चालतो. नोकरीत यंत्राशी संबंध जितका कमी, तितका न्हाणीघरातला आत्मविश्वास जास्त. एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस दोन बोल्ट सोडवतो आणि गप्प बसतो. बँकेतून रिटायर झालेला मात्र थर्मोस्टॅटवर पाऊण तास बोलतो. वायरमनवर राग पैशांसाठी आहे, असं तो सांगतो. "तो येणार, खालूनच वर बघणार, 'कॉईल गेलीया, काका' म्हणणार आणि आठशे मागणार. आठशे कशाचे? बघितल्याचे?" पण तेच आठशे रुपये तो हसत हसत रिक्षात घालवतो, तेव्हा पैशाचं आपण फार मनावर घेऊ नये. आपल्या घरच्या रोग्याचं निदान परक्याने करावं, आणि तेही एका वाक्यात, हे त्याला सोसत नाही, एवढंच.

साताऱ्यात याला तात्या म्हणतात, सांगलीत अण्णा. दोघांच्या पद्धतीत जो फरक आहे तो पाण्याने पडलेला. साताऱ्याला कासच्या तलावाचं पाणी. डोंगरावरून उताराने येणारं, मऊ. त्यात साबण फेसाळतो आणि गिझरची कॉईल वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. त्यामुळे तात्यांचा संशय नेहमी पाण्याबाहेरच्या वस्तूंवर: प्लग, वायर, थर्मोस्टॅट आणि महावितरण, या क्रमाने. सांगलीत नळाला कृष्णा असली तरी बऱ्याच घरांत टाकी भरते ती बोअरने. बादलीच्या काठावर, नळाच्या तोटीवर, शॉवरच्या भोकांत पांढरा थर. अण्णा कुठलाही बिघाड ऐकला की "क्षार" म्हणतात. नातवाला ताप आला तरी त्यांच्या तोंडून आधी क्षारच बाहेर पडतात.

दोघांची भांडारंही वेगळी. तात्या कंदी पेढ्यांच्या खोक्यात पावत्या आणि वॉरंटी कार्डं जपतात. त्यांतल्या निम्म्या वस्तू भंगारात जाऊन वितळल्यासुद्धा असतील. अण्णांकडे भिलवडीच्या श्रीखंडाचे रिकामे डबे. त्यांत वायसर, स्क्रू, तुटक्या पिना आणि दोन जळक्या कॉईली. जळकी कॉईल कधी लागणार, हे विचारायचं नसतं.

एका बाबतीत मात्र दोघांचं दैवत एक. लक्ष्मणराव किर्लोस्कर. औंधच्या राजाने दिलेल्या जागेवर, कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर, १९१० साली त्यांनी कारखाना उभारला. औंध आता सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, म्हणजे लक्ष्मणरावांवर दोघांचा सारखाच हक्क. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी शिरली आणि घरातून कुरकुर सुरू झाली, की दोन्ही शहरांत एकच सवाल ऐकू येतो: "लक्ष्मणरावांनी वायरमनला फोन केला होता का?"

बंबाची आठवण तर निघायचीच. बंबाला कॉईल नव्हती, वॉरंटी नव्हती. लाकडाच्या ढलप्या, कणसांची बुरकुंडं, शेंगांची टरफलं, जे असेल ते पोटात घेऊन तांब्याचा बंब तापायचा. आजार दोनच. राखेने जाळी तुंबली तर काढून झटकायची आणि तळ गळायला लागला तर तांबटाकडून डाख मारून आणायचा. आता तो बंब हॉलमध्ये चिंच लावून चकचकीत केलेला उभा असतो. वर प्लॅस्टिकची फुलं.

गॅस गिझरवाले ही याच जातीची एक पोटजात. हे लोक गॅसची नळी, रेग्युलेटर, पाण्याचा दाब, आतला पडदा हे सगळं तपासून झाल्यावर शेवटी खालच्या डबीतले दोन सेल बदलतात आणि ज्योत पेटते. पण यांच्यातला एखादा खिडकीबद्दल बडबडायला लागला तर त्याचं ऐकावं. लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन मॉन यांनी गॅसवरचा गिझर काढला, त्याला धूर बाहेर न्यायला नळीच नव्हती. आपण आजही बिनझरोक्याच्या न्हाणीघरात तसलंच यंत्र लावून आतून कडी घालतो. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. एवढ्या एका मुद्द्यावर हा बडबड्या माणूस घरातल्या सगळ्यांपेक्षा शहाणा असतो.

आमच्या शेजारच्या अण्णांनी मुलगी दिली ती साताऱ्याच्या अशाच एका तात्यांच्या घरी. मुलामुलीच्या पत्रिका जुळल्या होत्या. व्याह्यांच्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. दिवाळसणाला जावयाबरोबर त्याचे आईवडीलही सांगलीला आले. नरक चतुर्दशी, पहाटेचे पाच. जावई पाटावर, अंगाला तेल, वर उटणं. अण्णांनी रुबाबात गिझरचं बटण दाबलं आणि खट्! ईएलसीबी पडला, घर अंधारात.

"क्षार!" अंधारातून अण्णा म्हणाले.

"थांबा अण्णासाहेब," तात्या सोफ्यावरून उठले. "प्लग बघितलात का?"

जावयाने त्या क्षणी ओळखलं की आता आपल्याकडे कुणाचं लक्ष राहणार नाही.

हा गिझर साधा नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, गावभागातल्या या घराचा फ्रिज, मिक्सर, सोफा सगळं गेलं. गिझर भिंतीवर उंच, म्हणून वाचला. तेव्हापासून त्याला काढण्याची भाषा घरात चालत नाही.

प्लगच्या पिना निघाल्या ठणठणीत. तात्या थर्मोस्टॅटवर आले. अण्णा म्हणाले, "तात्यासाहेब, थर्मोस्टॅट गेला तर पाणी तापणार नाही, नाहीतर नको तेवढं तापेल. ईएलसीबी कशाला पडेल?" मुद्दा बिनतोड होता, म्हणून तात्यांनी तो ऐकू आला नाही असं दाखवलं. मग गिझरचं बटण बंद करून ईएलसीबी वर केला आणि सीरीजचा बोर्ड बाहेर आला. लाकडी फळी, होल्डर, त्यात १०० वॅटचा जुना पिवळा दिवा, पुढे दोन मोकळ्या वायरी. मल्टिमीटर घरात आहे, पण त्याच्या आकड्यांवर अण्णांचा विश्वास नाही. दिवा खोटं बोलत नाही. गिझरचं कनेक्शन काढून दोन वायरी कॉईलच्या दोन पिनांना लावल्या. दिवा पेटला.

"कॉईल शाबूत!" तात्या म्हणाले.

अण्णांनी काही न बोलता एक वायर पिनेवरच ठेवली, दुसरी गिझरच्या बॉडीला टेकवली. दिवा पेटला, मंद, पण पेटला. आतली तार धड होती, पण वरची तांब्याची नळी कुठेतरी चिरली होती. चिरेतून पाणी आतल्या पांढऱ्या भुकटीत झिरपलं की वीज अर्थिंगकडे पळते, आणि तीस मिलिअँपची चोरी झाली तरी ईएलसीबीला खपत नाही.

"बॉडी शॉर्ट," अण्णा म्हणाले. "का? क्षार."

"म्हणजे तुमच्या पाण्यातच खोट आहे."

"कृष्णेच्या पाण्यात?"

"माहुलीहून पुढे सोडतो तेव्हा चांगली असते हो आमच्याकडून."

इथे सोयरीक मोडायची, पण टाकी रिकामी करायला दोन माणसं लागतात. बोल्ट सुटले, कॉईलची तबकडी खाली ओढली, आणि तिच्यामागून पांढऱ्या खपल्यांचा ढीग धबधब करत बादलीत पडला. कॉईल दिसतच नव्हती, दिसत होता बोटभर जाडीचा खडबडीत चुना. शेजारच्या मॅग्नेशियमच्या कांडीची नुसती तार उरली होती. टाकीऐवजी स्वतः गंजून मरायचं हे तिचं काम तिने केव्हाच पुरं केलं होतं. अण्णांनी स्वयंपाकघरातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात ढवळून एक खपली टाकली. ती फसफसून विरघळायला लागली. दोघे बराच वेळ ते पाहत बसले.

"यानेच बिल वाढत होतं," अण्णा म्हणाले.

"बिल कसं वाढेल? कॉईल पाण्यातच बुडालेली, ऊब जाते कुठे? पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठावर न्यायला पाऊण युनिटसुद्धा लागत नाही, क्षार असो नसो. फक्त कॉईल आतल्या आत भाजून निघते." तात्या अर्थखात्यात होते. अण्णांना हे पटलं, पण त्यांनी मान हलवली ती दुसरीकडे बघत.

तेवढ्यात तात्यांचा टॉर्च थर्मोस्टॅटवर स्थिरावला. त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडलेल्या, वर काळी टेप. थर्मोस्टॅट 'डायरेक्ट' केलेला. असा गिझर पाणी तापलं म्हणून थांबत नाही, उकळत राहतो. वरची वाफ सोडायचा व्हॉल्व्ह या पाण्यात क्षारांनी चिकटला तर टाकी फुटते. न्हाणीघरात पाच मिनिटं शांतता झाली. आमच्या गिझरवैद्याची मी कितीही टिंगल केली तरी हे कबूल करतो, की चार पैसे आणि अर्धा तास वाचवायला 'डायरेक्ट' करून हात झटकणारा माणूस बघितला की याचा दोन दिवसांचा घोळ परवडला असं वाटतं.

टेपचं टोक मात्र कात्रीने कापून, दुमडून, नीट दाबलेलं होतं. तसलंच टोक सीरीजच्या बोर्डावर होतं. तात्यांनी एकदा हे पाहिलं, एकदा ते. मुलाकडची बाजू होती, बोलले असते तर चाललं असतं.

"हे वायरमन लोक," तात्या म्हणाले.

"काही विचारू नका," अण्णा म्हणाले.

तोवर विहीणबायकांनी गॅसवर दोन पातेली पाणी तापवून जावयाला अंघोळ घातली होती, ओवाळलं होतं, त्याचा फराळ होऊन तो झोपलाही होता. जळक्या कॉईलींचे डबे उपसून झाले. एकीचीही तबकडी बसेना. दहाला दुकान उघडल्यावर दोघे रिक्षाने जाऊन कॉईल, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह आणि कांडी घेऊन आले. गॅस्केट विसरले. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचं गॅस्केट कापलं. दुपारी दोनला कडकडीत पाणी आलं. ते कुणालाच नको होतं, म्हणून दोघांनी मिळून पाय धुतले.

जेवताना अण्णांनी हिशेब मांडला. सामान, रिक्षा, टेफ्लॉन टेप मिळून वायरमनच्या आठशेच्या दुपटीला गेलं होतं. "पण त्याने नवीन गिझरच घ्यायला लावला असता," अण्णा म्हणाले. "म्हणजे पाच हजार वाचले."

"सहा," तात्यांनी दुरुस्ती केली. "बसवणावळ धरली नाहीत तुम्ही."

संध्याकाळी गाडीत बसताना तात्या म्हणाले, "संक्रांतीला साताऱ्याला या. आमच्या सोलरचं पाणी कोमटच येतंय. नळ्यांचं काहीतरी असावं."

"क्षार असतील."

"अहो, कासचं पाणी आहे!"

"तरी लिंबूसत्त्व घेऊनच येतो."

मागच्या सीटवर विहीणबाई खिडकीतून वाकून आमच्या शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "तुमच्या हॉलमधला तो बंब तेवढा आमच्याकडे पाठवता का? फुलं काढून."